द्राक्षमळ्यांतली पाणंद
(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

७ जुलै २०२४. रविवारची संध्याकाळ. मी टीव्हीसमोर बसलो होतो आणि पडद्यावर नुसती धूळ दिसत होती. ‘टूर द फ्रान्स’ या जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीचा तो नववा टप्पा. त्रुआ शहरातून निघायचं आणि फिरून पुन्हा त्रुआलाच यायचं. अंतर १९९ किलोमीटर, आणि त्यातले जवळपास ३२ किलोमीटर चक्क कच्च्या रस्त्याचे. असे चौदा तुकडे आयोजकांनी शोधून काढले होते. गव्हाच्या शेतांच्या कडेनं, शांपेन प्रांतातल्या द्राक्षमळ्यांच्या बांधावरून जाणारी पांढरीफटक वाट आणि तिच्यावरून चाललेले ते नावाजलेले सायकलपटू. पिठाच्या गिरणीतून बाहेर पडावं तसे सगळे दिसत होते. आमचे शेजारी मूळचे निफाडचे. ते सहज डोकावले आणि म्हणाले, ‘अहो, हे काय? पाणंदीवर शर्यत लावलीय का?’

त्यांना गंमत वाटली होती, पण शब्द त्यांनी अगदी नेमका वापरला. पाणंद म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी, गाडीपुरती रुंद, कुणा एकाच्या मालकीची नसलेली, गावाच्या वहिवाटीची वाट. फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून आणि त्यामागच्या टेकड्यांतून खडीवरची सायकल चालवायला आता जगभरातून लोक जातात. मीही दोनदा जाऊन आलो. तिथं मला पहिली गोष्ट कळली ती ही, की या सायकलस्वारांसाठी तिथं कुणी खडीचे रस्ते मुद्दाम बांधलेले नाहीत. रस्ते आहेत ते शेतकऱ्याचे, गावाचे, ट्रॅक्टरचे. आपण ते उसने घेतो. ते कुणाकडून घेतो आणि उद्या मिळणार की नाही, हे ठाऊक नसेल तर तिथला नकाशाही नीट वाचता येत नाही.

आधी सायकलीबद्दल थोडं सांगतो. ग्रॅव्हल बाइक म्हणजे खडीवर चालणारी सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळवलेलं, पण टायर रुंद, साधारण चाळीस मिलिमीटरचे. त्यात हवा कमी ठेवायची. शर्यतीच्या बारीक टायरमध्ये नव्वद-शंभर पौंडापर्यंत हवा भरतात, इथं तीस-पस्तीस पुरते. टायर जरा मऊ राहिला की खडीवरून उडत नाही, खडीला धरून चालतो. डिस्क ब्रेक असतात आणि चढासाठी हलके गिअर. या प्रकाराला हे नाव मिळालं अमेरिकेत. तिथल्या कान्सास राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते, त्यानंतर हे लोण पसरलं. पण सायकल तीच, नाव नवं, असं म्हणायला जागा आहे. फ्रान्समध्ये सेंत एतिएन गावात पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावानं ते लिहीत. १८८७ मध्ये त्यांनी सायकलस्वारांसाठी नियतकालिक काढलं आणि १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते एकच गोष्ट सांगत राहिले: डोंगरात जायचं असेल तर गिअर बदलता आले पाहिजेत आणि टायर रुंद पाहिजेत. शर्यतवाल्यांना हे पटत नव्हतं. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे डिरेलरला, १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तोवर चढ आला की खाली उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं करून बसवायचं. म्हणजे व्हेलोसिओंचं म्हणणं मान्य व्हायला ते हयात नव्हते.

आता वाटेकडे वळू. मी सांगणार आहे ती बर्गंडी प्रांतातली, दिजॉं शहराच्या दक्षिणेकडची. तिथं पहिल्यांदा गेलो जून २०२३ मध्ये, एका मित्राबरोबर. बोन या छोट्या शहरातून सायकली भाड्यानं घेतल्या. बोनहून दक्षिणेला सॉंतनेपर्यंत द्राक्षमळ्यांतून जाणारा वीस-बावीस किलोमीटरचा एक आखीव सायकलमार्ग आहे. पोमार, व्होलने, मर्सो ही जगातल्या वाइनच्या दुकानांत पाटीवर दिसणारी नावं इथं साधी गावं आहेत. चर्च, बेकरी, चार गल्ल्या, आणि गल्ली संपली की मळा. मार्ग बहुतेक पक्का आहे, मधूनच खडी लागते. नवख्या माणसानं सुरुवात इथूनच करावी.

मी नाशिकचा, त्यामुळं मळ्यात शिरल्यावर नजर आधी बागेकडे गेली. आपल्याकडे द्राक्षवेल मांडवावर किंवा वायच्या आकाराच्या अँगलवर चढवतात, दोन ओळींतून ट्रॅक्टर जाईल एवढी जागा सोडतात. बर्गंडीत वेल कमरेएवढा. दोन ओळींत जेमतेम एक मीटर अंतर आणि हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेल. मग ट्रॅक्टर कुठून जाणार? तो ओळींच्या मधून जातच नाही. तो ओळीच्या वरून जातो. उंच पायांचा, दोन्हीकडे टांगा टाकून उभा राहिल्यासारखा ट्रॅक्टर, आणि त्याच्या पोटाखालून वेलींची ओळ सरकत राहते. पहिल्यांदा बघितल्यावर आम्ही दोघं सायकली टेकवून पाच मिनिटं नुसते बघत उभे होतो. छाटणीही वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्यासारखी एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा नाही.

या बुटक्या वेलींचा सायकलस्वाराला एक फायदा असा, की वेलींच्या वरून सगळा उतार दिसतो. आणि उतार दिसला की मळ्यांचे तुकडे दिसायला लागतात. मध्ये दगडी बांध, मध्येच एखादी दगडी झोपडी, पावसात शेतकऱ्यानं आसरा घ्यायची. दिजॉंपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या या अरुंद पट्ट्यात असे १२४७ नाव असलेले तुकडे मोजले आहेत. त्यांना तिथं ‘क्लिमा’ म्हणतात आणि २०१५ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. रोमाने-कोंती हा त्यातला सगळ्यात मोलाचा तुकडा दोन हेक्टरसुद्धा भरत नाही. तुकडे इतके, तर प्रत्येक तुकड्यापर्यंत जायला वाटही पाहिजे. मळ्यांमध्ये खडीच्या वाटांचं जाळं दिसतं, त्याचं कारण हे.

सॉंतनेच्या पुढं कालव्याच्या काठानं शान्यीला यायचं. तिथून र्‍युई, मर्क्युरे या गावांच्या मागच्या टेकड्या धरायच्या. खरी खडी इथं सुरू होते. जमीन चुनखडीची. कोरडी असताना वाट पांढरी, टणक आणि धारदार. दगडाच्या कडा टायरच्या बाजूला चिरा पाडतात, म्हणून टायर ट्यूबलेस असावेत आणि आत चीक भरलेला असावा. पाऊस झाला की खेळ उलटतो. चुनखडीबरोबर जी चिकणमाती असते ती चाकाला लपेटते, दहा मिनिटांत चाक फिरायचं थांबतं, आणि मग सायकलवर बसून आलेला माणूस सायकल खांद्यावर घेऊन चालतो. मी चाललो आहे. फ्रान्समधल्या मळ्यांचे फोटो नेहमी उन्हातले असतात, हे ध्यानात ठेवावं.

जिव्रीला आलं की जीवाला आराम. जिव्री ते क्ल्युनी हा ४४ किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग रूळ काढून सायकलींसाठी १९९७ मध्ये खुला केला. फ्रान्समधला हा अशा प्रकारचा पहिला मार्ग. रेल्वेचाच असल्यामुळं चढ जाणवत नाही. जुनी स्टेशनं तशीच आहेत, कुठं खानावळ झाली आहे, कुठं राहतं घर. शाळकरी पोरं, आजी-आजोबा, बाळाची गाडी ओढणाऱ्या सायकली, सगळे इथं. पण आमच्यासारख्यांनी दिवसभर याच रस्त्यावर राहिलं तर टेकड्या राहून जातात. म्हणून कॉर्मातँला हा मार्ग सोडायचा आणि पूर्वेकडे डोंगरात घुसायचं. ओकची रानं, शापेझचं हजार वर्षांचं चर्च, टेकडीवरचं ब्रांसिऑं गाव, आणि सगळ्यात उंच मॉं सें-रोमँ, साधारण ५८० मीटर. तुम्ही म्हणाल, एवढंच? आपलं पुणं शहरच समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. पण तिथं खालची नदी दोनशे मीटरच्याही खाली आहे. असे चारशे मीटर दिवसातून तीन-चार वेळा चढायचे, तेही खडीवर. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सिंहगडाची आठवण होते.

क्ल्युनीला दहाव्या शतकात स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. त्याच्या दक्षिणेला सोळाशे मीटर लांबीचा रेल्वेचा जुना बोगदा आता सायकलींसाठी आहे. हिवाळ्यात तो बंद करतात, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात. मग डोंगरावरून जायचं. बोगद्यापलीकडे पुन्हा द्राक्षमळे, आणि त्यांच्यावर जहाजाच्या नाळेसारखा उठलेला सोल्युत्रेचा सुळका. उंची ४९३ मीटर. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ दरवर्षी ठरावीक सणाला तो चढायचे, त्यामुळं तो फ्रान्सभर ठाऊक. बोनपासून इथवर आम्हाला चार दिवस लागले. घाईनं दोन दिवसांत होईल, पण मग बेकऱ्या हुकतात.

बेकऱ्यांवरून आठवलं. दुपारी बारा ते दोन गावात काही मिळत नाही आणि रविवारी दुपारनंतर तर काहीच मिळत नाही. पाणी मात्र मिळतं, ते दफनभूमीत. प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलझाडांसाठी नळ असतो आणि तिथले सायकलस्वार बिनदिक्कत तिथं बाटल्या भरतात. पाणी पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी असते. पहिल्या दिवशी आमचा हात पुढं होईना. स्मशानातलं पाणी कसं प्यायचं? दुसऱ्या दिवशी ३५ अंश ऊन होतं. प्यायलो.

आता वाट कुणाची, या प्रश्नाकडे येतो. तिसऱ्या दिवशी एका मळ्यात आम्ही नकाशावर तुटक रेघ बघून वळलो. पुढून तो टांगा टाकलेला ट्रॅक्टर आला आणि थांबला. मला वाटलं, आता बोलणी खाणार. चालक उतरला आणि आमच्या चाकांमागे बोट दाखवू लागला. ओळींच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला गवताचा पट्टा ठेवलेला असतो. आदल्या रात्रीच्या पावसानं तो मऊ झाला होता आणि त्यात आमच्या चाकांच्या दोन सरळ रेघा उतारानं खाली गेल्या होत्या. तो म्हणाला, ‘पुढच्या पावसाला पाणी याच रेघेतून वाहील.’ या उतारांवरची माती दर वळवाला खाली येते. खाली आलेली माती पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेऊन टाकायची, हे त्या भागातलं पिढ्यान् पिढ्यांचं काम. आमच्यासाठी ती मजेची रेघ होती, त्याच्यासाठी ओहोळाची सुरुवात. तो रागावला नव्हता. त्यानं दोनशे मीटरवरची दुसरी वाट दाखवली आणि म्हणाला, ‘ती गावाची आहे. तिच्यावरून जा, हवं तितकं जा.’

नकाशावर या दोन्ही वाटा सारख्याच तुटक रेघांनी दाखवल्या होत्या. कायद्यात मात्र त्यांच्यात मोठा फरक. फ्रान्समध्ये पस्तीस हजारांच्या आसपास कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत धरा. १९५९ मध्ये तिथं गावांच्या रस्त्यांची कायद्यानं नव्यानं विभागणी झाली. काही रस्ते पक्के सार्वजनिक रस्ते ठरले. उरलेल्या वाटा, ज्या लोक वापरत होते पण ज्यांना पक्क्या रस्त्याचा दर्जा मिळाला नाही, त्या झाल्या ‘शमँ र्‍युराल’, म्हणजे ग्रामीण वाटा. मालकी गावाची, वापर सगळ्यांचा. तिसरा प्रकार शेतमालकांच्या सामायिक वाटांचा. त्या फक्त आसपासच्या शेतांत जाण्यासाठी. मालकांनी हरकत घेतली नाही तर बाहेरचा माणूस जाऊ शकतो, पण त्यांनी बंदी केली की जाता येत नाही. आम्ही शिरलो होतो ती या प्रकारची.

हे ओळखायचं कसं? पाटीवरून थोडंफार कळतं. लाल कड्याच्या गोल पांढऱ्या पाटीत मोटार आणि मोटारसायकलचं चित्र असेल तर बंदी इंजिनाच्या वाहनांना, सायकलनं खुशाल जावं. पण गोल आतून कोरा पांढरा असेल तर कुठलंच वाहन चालत नाही आणि सायकल हे वाहनच आहे. अनेक जण कोऱ्या पाटीला ‘काही लिहिलेलं नाही’ म्हणून सोडून देतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या एका कायद्यानं, खासगी असल्याची खूण ठळकपणे लावलेल्या शेतात किंवा रानात परवानगीशिवाय शिरणं दंडपात्र झालं आहे. दंड १३५ युरो. खात्री हवी असेल तर जमीन-मोजणीचा नकाशा बघावा. तो गावच्या कचेरीत असतो, इंटरनेटवरही फुकट दिसतो. त्यात गावाच्या वाटेला बहुतेक वेळा भूखंडाचा नंबर नसतो. आपल्या गावनकाशात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीरस्ता आणि एकेरी म्हणजे पाऊलवाट, हे ज्याला तलाठ्यानं कधी समजावलं असेल, त्याला तो नकाशा परका वाटणार नाही.

आता यातली मेख सांगतो. या ग्रामीण वाटा गावाच्या मालकीच्या असल्या तरी त्यांना पक्क्या सार्वजनिक रस्त्याचं संरक्षण नाही. पक्का रस्ता कुणी शेतात घातला तर कितीही वर्षांनी तो परत घेता येतो. ग्रामीण वाट मात्र कुणी नांगरून तीस वर्षं मालकासारखी उघडपणे वहिवाटली, तर तो कोर्टात तिची मालकी मागू शकतो. गावानं तिची डागडुजी केलीच पाहिजे असंही बंधन नाही. आणि लोकांनी ती वापरायची सोडली, तर गाव ती शेजारच्या मालकाला विकू शकतं. उलट बाजूही कायद्यातच लिहिली आहे: लोक एखाद्या वाटेनं ये-जा करत असतील, तर ती सार्वजनिक वापराची आहे असं गृहीत धरलं जातं. म्हणजे वाट पायांनी आणि चाकांनी जिवंत राहते, आणि हे मी काव्यानं म्हणत नाही, शेतीविषयक कायद्याचं कलमच आहे.

फ्रान्सच्या सपाट भागात, विशेषतः १९५० नंतरच्या तीन दशकांत, जमिनींचं एकत्रीकरण झालं. ट्रॅक्टर आले, तुकडे जोडून मोठी शेतं झाली, मधल्या कुंपणांच्या झाडोऱ्याबरोबर मधल्या वाटाही गेल्या. आपल्याकडेही १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. त्यानंतरचे रस्त्यांचे वाद तहसील कचेरीत अजून चालू आहेत. बर्गंडीच्या नामांकित मळ्यांत मात्र एकेका ओळीची किंमत एवढी, की तुकडे जोडायला कुणी धजावलं नाही, म्हणून तिथल्या वाटा टिकल्या. वाटा हरवल्या त्या मळ्यांच्या मागच्या टेकड्यांत, जिथं गुरं कमी झाली, माणसं शहरात गेली आणि काटेरी झुडपं वाढली. नेमक्या आम्हाला हव्या होत्या त्याच.

या वाटा वाचवण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८३ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला पदभ्रमणाच्या वाटांची यादी करायला सांगितलं. त्या यादीत आलेली वाट विकायची तर गावाला पर्यायी वाट द्यावी लागते. २०२२ च्या कायद्यानं अशीही सोय केली, की गावानं आपल्या वाटांची मोजदाद करायला घेतली तर तेवढ्या काळापुरती ती तीस वर्षांची मुदत थांबते. शर्यतींनीही हातभार लावला, असं मला वाटतं. १८९६ पासून चालत आलेल्या पॅरिस–तूर शर्यतीत २०१८ पासून व्हूव्रेजवळच्या मळ्यांतल्या कच्च्या वाटा घेतात. पहिल्या वर्षी इतकी चाकं पंक्चर झाली, की काही संघ चिडले. २०२२ मध्ये महिलांच्या टूर द फ्रान्सचा चौथा टप्पा शांपेनमधल्या अशाच चार तुकड्यांवरून गेला. टीव्हीवर दिसलेली वाट विकायला काढणं कुठल्याही सरपंचाला जरा अवघडच.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. जून-जुलैमध्ये मळ्यात फवारणी असते. आपल्या द्राक्षबागायतदारांना केवडा रोग आणि बोर्डो मिश्रण हे शब्द नवे नाहीत. त्या मिश्रणाचा जन्मच वाटेच्या कडेला झाला. १८८० नंतरच्या दशकात बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, वाटसरूंनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं, की केवड्यानं सगळा मळा झडला तरी रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आजही फवारणी झालेल्या मळ्यात औषधाप्रमाणे सहा ते अठ्ठेचाळीस तास शिरायचं नाही, असा नियम आहे. सकाळी लवकर निघणाऱ्या सायकलस्वाराची आणि सकाळी लवकर फवारणाऱ्या शेतकऱ्याची वेळ एकच असते. फवारणी दिसली की वाट बदलावी. तोडणीच्या दिवसांत वाटेवर द्राक्षांच्या ट्रॉल्या असतात, तेव्हा मळे सोडून रानाकडे वळावं. हे दिवस आता अलीकडे आले आहेत. बोन गावात १३५४ पासूनच्या तोडणीच्या तारखा जुळवल्या आहेत. १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू व्हायची, १९८८ पासून ती साधारण तेरा दिवस आधी सुरू होते. आणि शरद ऋतूत रानाकडे वळलात तर रविवारी शिकारी असतात. नारिंगी जाकीट आणि ‘शिकार चालू आहे’ ही पाटी दिसली की मुकाट्यानं परत फिरायचं.

दुसऱ्यांदा गेलो ऑक्टोबर २०२४ मध्ये. पावसाळी दिवस. कॉर्मातँच्या पूर्वेच्या टेकड्यांत एका छोट्या गावाबाहेर, जिथून आम्ही आदल्या खेपेला चढलो होतो, त्याच वाटेच्या तोंडाशी खांबावर प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद लावलेला दिसला. मित्राचं फ्रेंच माझ्यापेक्षा बरं. त्यानं वाचलं: या ग्रामीण वाटेचा साडेतीनशे मीटरचा तुकडा आता लोकांच्या वापरात नसल्यानं शेजारच्या मालकाला विकण्याचा प्रस्ताव आहे, त्यावर पंधरा दिवस लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, नोंदवही गावच्या कचेरीत ठेवली आहे.

आम्ही कागद वाचत असताना एक वयस्क गृहस्थ कुत्रा घेऊन आले. पूर्वी त्यांचा थोडा मळा होता, आता मुलगी बघते. त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. विकत मागणारा मालक वाईट माणूस नाही, त्याला दोन कुरणं जोडून हवी आहेत, वाट झुडपांनी भरली आहे, साफ करायला गावाकडे पैसे नाहीत. पण हा तुकडा गेला की वरच्या रानातून खालच्या ओढ्याकडे येणारी अख्खी वाट तुटते, मग डांबरी रस्त्यानं पाच किलोमीटर वळसा. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही या वाटेनं गेला आहात का?’ आम्ही म्हटलं, ‘हो, गेल्या वर्षी जूनमध्ये.’ ते म्हणाले, ‘मग तेवढंच लिहा. आवडली वगैरे लिहू नका. गेलो, एवढंच लिहा.’

आधी आम्ही त्या साडेतीनशे मीटरमधून पुन्हा गेलो. निम्मं अंतर सायकल ढकलत. काट्यांनी हात ओरबाडले, मित्राचं मागचं टायर गेलं. गावची कचेरी आठवड्यातून दोनच दुपारी उघडी असते, त्यातली एक त्याच दिवशी होती. कारकूनबाईंनी आमचे चिखलाचे बूट बघितले आणि काही न बोलता नोंदवही पुढं केली. आमच्या आधी सहा नोंदी होत्या. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मी दोन्ही तारखा लिहिल्या आणि खाली लिहिलं, की आम्ही दोघं या वाटेनं सायकलवरून गेलो. सही नेहमीसारखी देवनागरीत केली. बाईंनी वही स्वतःकडे फिरवली, सहीकडे थोडा वेळ बघितलं, मला नावाचा उच्चार विचारला, तो फ्रेंच अक्षरांत शेजारी लिहिला आणि पुढं कंसात ‘भारत’ असं लिहून वही मिटली.